जेवणाची खोली: जुन्या आणि हातच्या वस्तूंनी सजवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही पानं नाशिकमधल्या घरांसाठी आहेत, मग तो गंगापूर रोडवरचा फ्लॅट असो की पंचवटीतलं जुनं घर. दिवाणखान्यात एखादी वस्तू नुसती शोभेला ठेवली तरी चालते. जेवणाच्या खोलीत मात्र प्रत्येक वस्तूवर फोडणीचा चिकट थर, वाफ, हळद आणि आमसुलाचं पाणी यांची कधी ना कधी पाळी येते. म्हणून एखादी वस्तू आवडली, की ती पुसायची कशी हे लगेच ठरवा.

सुरुवात कुठून करायची?

भिंतीतली ओल, मग विजेचे पॉइंट, मग रंग, मग टेबल-खुर्च्या आणि सगळ्यात शेवटी कापड, भांडी, चित्रं. बहुतेक जण उलट करतात. आधी पितळी समई आणि पैठणीची फ्रेम येते, मग दिव्याचा पॉइंट टेबलाच्या मध्यावर नाही हे लक्षात येतं, आणि नव्या रंगात खाचा माराव्या लागतात.

सहा माणसांच्या टेबलाला किती जागा लागते?

टेबल ५ × ३ फूट असेल तर सहा जण दाटीवाटीने बसतात, ६ × ३ फुटांत मोकळे बसतात. माणशी दोन फूट रुंदी धरा. खुर्ची मागे ओढून उठायला टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत किमान अडीच फूट हवे आणि मागून कुणी वाढायला जाणार असेल तर तीन फूट. टेबलाची उंची ३० इंच, बैठकीची १८ इंच. जुन्या खुर्च्या आणि जुनं टेबल वेगवेगळ्या घरांतून आणलं असेल तर याच १२ इंचांच्या फरकात गडबड होते. फरक १० इंचांच्या खाली गेला की मांड्या अडतात. अशा वेळी खुर्च्यांचे पाय कापू नका, टेबलाच्या पायांखाली लाकडी गट्टू बसवा.

फ्लॅटमध्ये जेवणाची जागा म्हणजे अनेकदा हॉल आणि स्वयंपाकघर यांमधली वाट असते. तिथे टेबल भिंतीला लावून त्या बाजूला पाठ नसलेलं लांब बाकडं ठेवा. बाकडं टेबलाखाली पूर्ण सरकतं, खुर्ची सरकत नाही.

भिंतीवर पोपडे येतात. त्यावर लाकडी पट्ट्या किंवा वॉलपेपर लावून झाकलं तर?

झाकलेली ओल वाढते. आधी ती कुठून येते ते पाहा. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि २४ तास ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय: बाहेरची भेग, वरचं संडास-बाथरूम किंवा नळाची गळती. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ती खोलीतली वाफ आहे आणि एक्झॉस्ट पंखा हाच उपाय. पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस थेट आदळत असेल तर ही परीक्षा ऑगस्टमध्ये करा. एप्रिलमध्ये कोरडी वाटणारी भिंत काहीच सांगत नाही.

चुन्याचा किंवा गेरूचा हात नव्या घरात देता येतो का?

येतो, पण प्लास्टिक पेंटवर नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि सच्छिद्र गिलाव्यातच मुरतो. रंगाच्या गुळगुळीत थरावर तो महिन्या-दोन महिन्यांत भुकटी होऊन सुटतो. जुना रंग खरवडून गिलावा उघडा करायची तयारी असेल तरच या वाटेला जा.

प्रमाण असं: एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी. चुना पाण्यात थोडा थोडा टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उकळून उसळतो आणि अंगावर उडतो. प्लास्टिकची बादली उष्णतेने वितळू शकते, म्हणून लोखंडी पिंप घ्या आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. २४ तास ठेवून जाड्याभरड्या कापडातून गाळा. दहा लिटर चुनापाण्याला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. भिंत ओली करून तीन पातळ हात द्या आणि प्रत्येकाच्या मध्ये एक दिवस जाऊ द्या. ओला चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो, वाळला की पांढरा होतो. हे माहीत नसल्याने लोक पहिलाच हात जाड मारतात आणि मग तो हाताला लागत राहतो.

कितीही चांगला झाला तरी चुना कपड्यांना थोडा लागतोच. म्हणून जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ऑइल पेंट किंवा लाकूड ठेवा, वर चुना. खुर्चीची पाठ जिथे टेकते त्या उंचीवर सागाची तीन इंची पट्टी मारली की दोन्हींचा सांधाही झाकतो.

जुनं टेबल सागाचंच आहे हे कसं ओळखायचं?

टेबल उलटं करून पाहा. वरून पॉलिश सगळंच लपवतं. खालच्या बाजूला आणि ड्रॉवरच्या आत मूळ लाकूड दिसतं. फळीच्या टोकाला आडव्या कापावर वर्षाची वलयं आणि त्यांत छिद्रांची ओळ दिसली पाहिजे, आणि वरच्या रेषा तिथे पुढे चालू राहिल्या पाहिजेत. वरची नक्षी कडेवर एकदम तुटत असेल तर वरती पातळ पापुद्रा आहे. असा पापुद्रा घासायला घेतला की तो फाटतो आणि खालचा प्लाय वर येतो. शंका असेल तर एका कोपऱ्यात काचपेपर मारून वास घ्या: सागाला चामड्यासारखा तेलकट वास असतो.

टेबलाखाली मैद्यासारखी बारीक भुकटी पडत असेल तर लाकूड पोखरणारा भुंगा आत जिवंत आहे. वाळवीची खूण वेगळी, ती मातीच्या नळ्या बांधते. भुकटी झटकून खाली काळा कागद ठेवा. आठवड्यात पुन्हा भुकटी दिसली तर पेस्ट कंट्रोलवाल्याकडून छिद्रांत औषध सोडून घ्या, छिद्रं मेणाने बुजवा आणि मगच वस्तू घरात आणा. नुसतं पॉलिश मारून किडा मरत नाही. बांबूच्या टोपल्यांनाही हेच लागू. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून टोपली किंवा सूप आणलंत तर चार दिवस कडक ऊन दाखवा.

टेबलाला घरी पॉलिश करायचं तर कसं?

आधी महिना पाहा. जून ते सप्टेंबर नाशिकच्या हवेत लाखेचं पॉलिश धुरकट पांढरं पडतं, कारण स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार होतो आणि त्यावर हवेतली वाफ जमते. डिसेंबर-जानेवारीत उलट अडचण: निफाडकडचा गारठा शहरातही उतरतो आणि सकाळी लावलेला थर सावकाश वाळतो. म्हणून थंडीत दुपारी अकरा ते चार. सगळ्यात सोयीचा काळ दिवाळीनंतरचा महिना आणि फेब्रुवारी-मार्च.

लोहचुंबक सगळ्या टेबलावर फिरवा आणि लपलेले खिळे काढा. काचपेपर ८० नंबरने सुरू करून १२०, १८०, २२० असे चढत जा, नेहमी रेषांच्या दिशेने. ८० वरून थेट २२० वर उडी मारलीत तर आडवे ओरखडे आता दिसणार नाहीत, पॉलिश लागल्यावर उठून दिसतील. ओल्या फडक्याने पुसून वाळवा, उभे राहिलेले तंतू पुन्हा २२० ने हलके घासा. भेगा भरायला त्याच लाकडाचा बारीक भुसा आणि फेविकॉल. पांढरी लांबी (पुट्टी) भरलीत तर ती जन्मभर दिसेल.

आता कोणतं पॉलिश? खुर्च्यांना आणि टेबलाच्या पायांना लाख: एक लिटर स्पिरिटला १२० ते १८० ग्रॅम चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे), रात्रभर भिजवून गाळलेला, सुती बोळ्याने सहा-आठ पातळ हात. गॅस पेटलेला असताना हे काम करू नका. मिश्रण सहा महिन्यांहून जुनं असेल तर आधी काचेवर एक थेंब टाकून पाहा. तो तासाभरानेही चिकट राहिला तर फेकून द्या.

टेबलाच्या वरच्या फळीला लाख नको. गरम पातेल्याचा गोल डाग पडतो, पाणी सांडलं की पांढरं होतं. तिथे दोन भागांचं पीयू (पॉलीयुरेथेन) मारा: सीलरचे दोन थर, मध्ये ३२० चा काचपेपर, वर मॅट फिनिशचे दोन थर, आणि पहिला आठवडाभर गरम काही ठेवू नका. चकचकीत पीयू जुन्या लाकडाला हॉटेलसारखं रूप देतो. आमचं मत मॅटलाच.

जुन्या दाराला किंवा खुर्चीला रंग आहे. तो कसा काढायचा?

कोरडा घासू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत आणणारा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाला. रंग काढण्याचं रसायन लावा, फुगलेला रंग पत्र्याने खरवडा, उरलेला ओल्या काचपेपरने काढा. मास्क लावा, मुलांना दूर ठेवा, खरवड कागदात गुंडाळून टाका. ती अंगणात झाडून लावली तर पुन्हा पायांबरोबर घरात येते.

खुर्च्या करकरतात आणि हलतात. खिळा मारला तर?

खिळ्याने सांध्यातलं लाकूड चिरतं. सैल सांधा पूर्ण उघडा. जुन्या खुर्च्या सरसाने (जनावरांच्या कातड्या-हाडांच्या डिंकाने) चिकटवलेल्या असतात. कोमट पाण्याचं फडकं धरलं की सरस मऊ होतो. तो सगळा खरवडून काढा, कारण सरसाच्या थरावर फेविकॉल धरत नाही आणि दुरुस्ती वर्षभरात निखळते ती याचमुळे. लाकूड एक दिवस वाळू द्या, फेविकॉल लावून सांधे बसवा, चारही पायांभोवती दोरी गुंडाळून मध्ये दांडी घालून पिळा. पीळ दिल्यावर खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात का ते लगेच पाहा. दुसऱ्या दिवशी पाहून उपयोग नाही.

वेताची बैठक सैल पडली आहे.

तुटली नसेल तर खर्च काहीच नाही. खुर्ची उलटी करून वेताच्या खालच्या बाजूवर ओलं फडकं अर्धा तास ठेवा आणि रात्रभर सावलीत वाळवा. वेत ओला झाला की लांबतो, वाळताना आवळतो.

तुटली असेल तर पुन्हा विणावी लागते. एका बैठकीला अडीच-तीन मिलिमीटर रुंदीची सुमारे ७५ ते १०० मीटर पट्टी लागते: दोन फेऱ्या उभ्या, दोन आडव्या, दोन तिरक्या, आणि शेवटी कडेची जाड पट्टी. पट्टी कोमट पाण्यात २० ते ३० मिनिटं भिजवा; कोरडी वळवली तर चिरते, तासन्‌तास भिजवली तर करडी पडते. तयार विणलेली जाळी मिळते, पण ती कडेला खाच असलेल्या खुर्चीलाच बसते. छिद्रांच्या चौकटीवर ती खिळ्यांनी ठोकलेली पाहिली की जीव हळहळतो.

वाड्याचा दरवाजा मिळाला आहे. त्याचं टेबल होईल?

होईल, पण वजनाचा हिशेब आधी करा. साडेसहा फूट बाय तीन फूट, दीड इंच जाडीचं सागाचं दार ४५ किलोच्या आसपास भरतं. दाराच्या चौकटींच्या खाचांत आमटी आणि भाताची शितं जाणार, म्हणून वर काच हवी. १० मिलिमीटर काच चौरस मीटरला २५ किलो, म्हणजे आणखी तेवढंच वजन. नव्वद किलो पेलायला चार कोपऱ्यांतले बारीक पाय चालणार नाहीत; आडव्या तुळईने जोडलेले दोन जाड खांब किंवा लोखंडी चौकट करून घ्या. टफन्ड (तापवून कडक केलेली) काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, त्यामुळे कड्या आणि बिजागऱ्या काढून, दार सपाट करून झाल्यावरच माप द्या. काच आणि लाकूड यांमध्ये पारदर्शक रबरी बटणं ठेवा, नाहीतर मधे सांडलेलं पाणी वाळत नाही आणि बुरशी धरते.

पितळ-तांब्याची जुनी भांडी घेताना काय पाहायचं?

नाशिकला हे शिकवायला नको. जुन्या नाशकातल्या भांडी बाजारात अजूनही वजनावर व्यवहार होतो. त्या दिवसाचा मोडीचा भाव आधी विचारा, म्हणजे जुनेपणासाठी वर किती मोजताय ते कळेल.

ठोक्याच्या भांड्यावर हातोडीचे बारीक, थोडे कमी-जास्त ठसे असतात आणि कडेची जाडी सगळीकडे सारखी नसते. यंत्रावर केलेल्याच्या आत एकात एक गोल रेषा दिसतात. मोठ्या जुन्या हंड्या-घंगाळांत दोन पत्रे जोडल्याचा दातेरी सांधा सापडतो. तिथे पाणी भरून पाझरतं का पाहा. काशाचं ताट टिचकी मारली की घंटेसारखं घुमतं आणि पडलं तर फुटतं. पितळ बद्द वाजतं आणि पोचतं.

काठावर ठिपक्यांनी घातलेलं नाव, गाव किंवा लग्नाची तारीख असेल तर ती बाजू खोलीकडे करून ठेवा. तिथे चिंच-मीठ जोरात घासू नका. सत्तर वर्षांच्या घासण्याने आधीच निम्मी अक्षरं गेलेली असतात.

त्यांत जेवण वाढता येईल?

पितळेला आतून कल्हई असेल तर. नसेल तर ताक, कोशिंबीर, चिंचेची आमटी कळकते, म्हणजे आंबटाने तांबं-जस्त सुटून अन्नात येतं. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकतो आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवतो. काडी शुद्ध कथलाची आहे, डागकामाची शिसं मिसळलेली नाही, हे विचारून घ्या. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका. तळाला पिवळा धातू डोकावला की पुन्हा कल्हई. काशाला कल्हई लागत नाही, पण त्यातही आंबट रात्रभर ठेवू नये.

शोभेच्या भांड्यांना लॅकर मारावं का, हा पुढचा प्रश्न असतो. लॅकरला बारीक चीर गेली की पावसाळ्यात तिच्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे काळे धागे पसरतात आणि मग सगळं लॅकरच काढावं लागतं. त्यापेक्षा वर्षातून दोनदा चिंच-मीठ, भरपूर पाणी आणि लगेच कोरडं फडकं. मीठ कोपऱ्यात राहिलं तर तिथूनच हिरवं चढतं.

घंगाळाचा किंवा परातीचा लटकता दिवा करता येईल?

येईल. आधी वजन करा, मग छत पाहा. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला काहीही टांगू नका. वरच्या स्लॅबमध्ये हूक हवा. तळाच्या मध्यावर पंचने खूण करा, आतून लाकडाचा ठोकळा टेकवा आणि ड्रिल सावकाश चालवा. पितळ अचानक पात्याला पकडतं आणि भांडं हातातून फिरतं. होल्डरच्या चुडीच्या नळीला साधारण १० मिलिमीटर छिद्र लागतं. कड कानशीने गोल करून रबरी वॉशर बसवा, नाहीतर ती वायरचं आवरण कापते.

वायर तीन तारांची घ्या आणि हिरवी तार थेट भांड्याला जोडून अर्थिंगला न्या. धातूच्या दिव्यात हे सोडलं तर वायर सुटल्याच्या दिवशी सगळं भांडं जिवंत होतं. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. भांड्याची कड टेबलापासून ३० ते ३२ इंच वर, म्हणजे समोरच्याचा चेहरा दिसतो आणि डोळ्यांत उजेड जात नाही. ७ ते ९ वॉटचा २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, एलईडी पुरे. पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात पितळ हिरवट दिसतं आणि वरणही.

भिंतीवरची मांडणी लावायची आहे.

लावा, आजीच्या ताट-वाट्यांना तिच्यासारखी जागा नाही. फक्त भरलेल्या मांडणीचं वजन तोलून घ्या. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लास्टिकचा गट्टू सुटतो. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत दोन इंच आत जाणारे अँकर घ्या.

आईची पैठणी फाटली आहे. फ्रेम करावी की टेबलावर घालावी?

टेबलावर नको, रेशमावरचा तेलाचा डाग घरी निघत नाही. आधी येवल्याच्या एखाद्या विणकराला दाखवा, काही वेळा काठ-पदर साडीच्या नव्या अंगावर (मधल्या कापडावर) चढवता येतो. खरंच जीर्ण असेल तर पदर फ्रेम करा. डिंक किंवा दुहेरी टेप कधीच नाही, तो काही वर्षांत पिवळा होऊन रेशीम खातो. न रंगवलेल्या, धुतलेल्या सुती कापडावर बारीक सुईने विरळ टाके घाला आणि काच कापडाला चिकटणार नाही इतकी फट ठेवा, नाहीतर पावसाळ्यात दमट होऊन जरीची तार काळी पडते. फ्रेम गॅसच्या ओट्यासमोर किंवा दुपारचं ऊन येणाऱ्या भिंतीवर नको.

मग टेबलावर काय घालायचं?

जुनं सुती लुगडं. नऊवारी म्हणजे आठ मीटरच्या वर कापड, त्यात रनर (टेबलाच्या मधली लांब पट्टी), ताटांखालच्या सहा चटया आणि खुर्च्यांच्या गाद्यांचे अभ्रेही निघतात. रनरची रुंदी टेबलाच्या एक तृतीयांश, लांबी दोन्ही टोकांना सहा इंच लोंबेल इतकी. कापण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का पाहा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सर्रास सांगतात. बाजारात रंगवून आलेल्या कापडावर त्याचा उपयोग होत नाही. रंग सुटत असेल तर तो सुटेपर्यंत वेगळं धुवा.

गोधडी बैठकीच्या गादीला फार छान, पण तीन थरांहून जाड नको, धुतल्यावर आत वाळत नाही आणि वास येतो. चार कोपऱ्यांना नाडी लावा, नाहीतर मुलं उठली की गादी जमिनीवर.

भिंतीवर वारली चित्र काढलं तर?

मूळ पद्धत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची. जेवणाच्या खोलीत तांदळाचं पीठ पुसलं जातं आणि झुरळं त्यावर येतात, म्हणून गेरूच्या रंगाच्या पेंटवर पांढरा अॅक्रिलिक वापरा. पेठ, सुरगाणा, हरसूल भागातल्या चित्रकाराकडून काढून घेतलंत तर विषय त्यालाच निवडू द्या: पेरणी, तारपा, बाजार. लग्नातला देवचौक शोभेसाठी मागू नका. तो विधीचा भाग आहे.

रनरवर हळद सांडली. काय करू?

आधी साबण नको, लाल होतं. सुकं खरवडा, गार पाण्यात खळबळा, मग साबण, आणि डाग लाल झाला तरी घाबरू नका: ओलं कापड तसंच उन्हात टाका. हळदीचा रंग उजेडाने तुटतो. मे महिन्यात एका दुपारीत जातो, श्रावणात तीन-चार दिवस लागतात.